गौरी-जेवणाचं फळांचं ताट: पाणी का सुटतं, काळं का पडतं

प्रश्न असा आहे: "यंदा गौरी-जेवण आमच्याकडे आहे, पंचवीस माणसं. सासूबाई म्हणतात, आइस्क्रीम नको, ताज्या फळांचं रंगीत ताट कर. मागच्या वर्षी जाऊबाईंनी केलं होतं, पण तासाभरात सफरचंद काळं पडलं आणि ताटात पाण्याचं तळं झालं. कोणती फळं घेऊ, किती घेऊ आणि कधी चिरू?"

जाऊबाईंना दोष देऊ नका. पुण्यात घरगुती कार्यांची जेवणं करायला लागले त्याला आता अठरा वर्षं झाली, आणि माझं पहिलं फळांचं ताट याहून वाईट झालं होतं. मे महिन्यातली मुंज. मोठ्या परातीत मधोमध कलिंगड, भोवती सफरचंदाच्या फोडी, कडेने केळ्याच्या चकत्या, आणि आपण फार हुशार म्हणून वरून चाट मसाला भुरभुरला. पंगत उठेपर्यंत सफरचंद गुलाबी, केळी काळी आणि परातीत दोन बोटं पाणी. मुलाच्या आत्याबाईंनी परातीत वाकून पाहिलं आणि मला अगदी गोड आवाजात विचारलं, "हे पन्हं का हो?"

तेव्हापासून एक धडा पाठ आहे. ताट बिघडतं ते पाण्यामुळे आणि वेळेमुळे. रंगांची चिंता कुणी करू नये, फळं ते स्वतःच आणतात. तेव्हा माझं सगळं उत्तर पाणी आणि घड्याळ या दोन गोष्टींभोवतीच फिरणार आहे.

आधी घड्याळ, कारण मुळात हे ताट कधी समोर आणायचं इथेच बहुतेक घरांची चूक होते. गौरी-जेवणाला पुरणपोळी, कुणाकडे सोळा भाज्या, कोशिंबिरी, वडे, खीर. एवढं झाल्यावर लगेच फळं आणली तर लोक तुमच्या मायेपोटी दोन फोडी उचलतात आणि बाकीचं ताट तसंच राहतं. माझं सांगणं, जेवण दीडला आटोपलं तर फळं साडेतीन-चारला आणा. जरा आडवं होऊन उठलेली माणसं, चहाच्या आधीची वेळ, तोंडाला पुरणाचा गोडवा अजून आहे आणि काहीतरी आंबटगोड, गार हवंय. तेव्हा ताट दहा मिनिटांत साफ होतं. संध्याकाळच्या हळदीकुंकवाला येणाऱ्यांसाठी वेगळं छोटं ताट भरा. दुपारचंच उरलेलं पुढे सरकवू नका. चिरलेलं फळ फ्रीजबाहेर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही, आणि उकाडा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास.

आता फळं. भाद्रपदात बाजारात काय चांगलं असतं ते पाहून ठरवा, मोबाइलवरचे फोटो पाहून नव्हे. त्या फोटोंत द्राक्षं आणि स्ट्रॉबेरी हमखास असतात. आपली नाशिकची द्राक्षं साधारण जानेवारी ते एप्रिलची आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी थंडीतली. गणपतीत जी दिसतील ती परदेशातून आलेली, महाग आणि बरेचदा पाणचट. पुरंदरच्या अंजिरांचाही हा हंगाम नव्हे. त्याऐवजी या दिवसांत डाळिंब असतं, हिमाचलचं नवं सफरचंद आलेलं असतं, नासपती असते, ड्रॅगन फ्रूट भरात असतं (गुजरात सरकारने 2021 मध्ये त्याला 'कमलम' नाव दिलं, आपल्या फळवाल्यांनी मात्र ते काही उचललं नाही), मोसंबी असते, पेरू असतो. पपई आणि अननस बाराही महिने.

सीताफळाबद्दल लोक आवर्जून विचारतात, कारण तेही याच दिवसांत सुरू होतं. सासवडच्या बाजूचं पिकलेलं सीताफळ मला जीव की प्राण, पण ते ताटात येत नाही. चिरलं की लगदा, बिया कुठे टाकायच्या हा प्रश्न, आणि रंग दहा मिनिटांत तपकिरी. हौस असेल तर ज्याला हवं त्याला अख्खं फळ आणि चमचा द्या. कलिंगडाला या ताटात माझी साफ मनाई आहे, कारण तुम्हाला कळलंच असेल.

पंचवीस माणसांना जेवणानंतर माणशी सव्वाशे ग्रॅम चिरलेलं फळ पुरतं, म्हणजे तीन-सव्वातीन किलो. त्यासाठी बाजारातून पाच-सव्वापाच किलो आणावं लागतं, कारण साल-बियांत बरंच जातं. माझा नेहमीचा हिशेब सांगते. सव्वा किलोची एक पपई, तिचा गर आठशे ग्रॅमच्या आसपास. दीड किलोचा एक अननस, त्यातून सातशे ग्रॅम निघाला तरी नशीब. साडेतीनशे ग्रॅमची दोन ड्रॅगन फ्रूट, मिळून साडेचारशे. पाव किलोची तीन डाळिंबं, दाणे चारशे ग्रॅम. आणि सफरचंद व पेरू अर्धा-अर्धा किलो, यांत फार वाया जात नाही. सहा फळं झाली, एवढी बास. दहा-बारा प्रकार केले की प्रत्येकाच्या चार फोडी होतात आणि ताट हिशेबाच्या वहीसारखं दिसतं. हिरवा रंग कमी वाटला तर पेरूची साल ठेवा किंवा चार किवी घ्या.

खरेदी एका दिवशी करू नका. सफरचंद, डाळिंब, मोसंबी तीन-चार दिवस आधी आणली तरी चालतात, आणि गणपतीच्या तोंडावर भाव चढतात ते वाचतं. पपई, अननस आणि पेरू आदल्या दिवशी. एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही: गौरी-जेवणाच्या दिवशी नैवेद्य होईपर्यंत काहीच चाखता येत नाही. अननस आंबट निघाला हे तुम्हाला पाहुण्यांच्या चेहऱ्यावरून कळणार. म्हणून आदल्या दिवशी फळवाल्याकडेच त्याच ढिगातलं एक फळ कापून चव घ्या, ओळखीचा असेल तर तो हसत देतो. अननस बुडाशी हुंगून घ्या. तो झाडावरून उतरवल्यावर पुढे गोड होत नाही, घरी ठेवून फक्त मऊ पडतो. पपईचं उलट, ती घरी पिकते. साल तीन हिस्से पिवळी आणि बोटाने दाबल्यावर किंचित दबणारी घ्या. सगळीकडून एकसारखी पिवळी, पण दगडासारखी कडक आणि वास नाही, अशी पपई सोडून द्या. कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे, पण बंदी आहे म्हणून कुणी करत नाही असं नव्हे. डाळिंब गुळगुळीत गोल नको, थोडं कोनदार आणि हाताला जड हवं. दाणे भरले की साल अशी बाहेरून चौकोनी होते.

घरी आल्यावर सगळी फळं अख्खी असतानाच वाहत्या पाण्याखाली धुवा, ज्यांची साल काढणार तीसुद्धा. सालीवरची माती आणि जंतू सुरीबरोबर आत जातात. मग कोरड्या पंचाने पुसून टोपलीत ठेवा. नैवेद्याची पाच फळं याच वेळी बाजूला काढा. ती अख्खीच राहणार, त्यांचा या ताटाशी संबंध नाही. चिरलेल्या फळांचाही नैवेद्य दाखवायची तुमच्याकडे पद्धत असेल, तर पहिल्या फोडी एका वाटीत काढून ठेवा, मग पुढचं.

पाट आणि सुरी वेगळी ठेवा, हे मी तीनदा सांगते आणि तीनदा विसरलं जातं. सणाला कांदा-लसूण नसतो म्हणून लोक निर्धास्त असतात, पण लाकडी पाटात गेल्या महिन्याचा कांदा मुरलेला असतो आणि पपई तो वास लगेच ओढून घेते. दुसरा पाट नसेल तर मीठ आणि लिंबाची फोड घासून, धुऊन, उन्हात वाळवा. विळीवर ज्यांचा हात बसलाय त्यांनी विळीच घ्यावी. मी अननस अजून विळीवरच सोलते. बोथट सुरी नको, कारण ती फोड कापत नाही, दाबते. दाबली गेली की रस गळतो आणि तळ्याची सुरुवात तिथूनच होते.

डाळिंब आदल्या रात्री सोला, टीव्ही बघत. वरचं तुरं कापायचं, शिरांवरून वरवर चिरा द्यायच्या आणि हाताने उघडायचं. कपड्यांवर डाग नको असतील तर पातेलंभर पाण्यात उघडा, दाणे तळाशी जातात आणि पांढरे पापुद्रे वर तरंगतात. पण मग ते दाणे चाळणीत निथळून, कापडावर पसरून अगदी कोरडे करा आणि मगच डब्यात भरा.

अननस सकाळी. साल काढून डोळे तिरक्या चिरांनी काढा. ते तिरकेच एका ओळीत असतात, त्यामुळे गर कमी जातो आणि अननसावर छान पेचदार नक्षी उमटते, हेच आपलं कोरीवकाम. जीभ चरचरते ती ब्रोमेलेन नावाच्या घटकामुळे. म्हणून फोडी पाच मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेवायची जुनी रीत आहे, चरचर कमी होते. मात्र त्यानंतर अर्धा तास चाळणीत निथळू द्या. हा अर्धा तास वाचवला तर पाणी ताटात येणार. पपईही सकाळीच, लांब चंद्रकोरी काढा. चौकोनी तुकडे केले तर कडा जास्त, म्हणून रसही जास्त गळतो. दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत, तळाशी सुती कापड घालून, फ्रीजमध्ये.

ड्रॅगन फ्रूट पांढऱ्या गराचं घ्या. लाल गराचं दिसायला झकास, पण त्याचा रंग बिटासारखा धावतो आणि शेजारचा पेरू गुलाबी करून टाकतो. पांढऱ्याची साल गुलाबी असतेच, ती टाकू नका. अर्धं कापून चमच्याने गर काढला की दोन वाट्या मिळतात, त्यांत डाळिंब भरा. ताटात याहून रंगीत काही होत नाही आणि दाणेही सांडत नाहीत. (लाल घेतलंच, तर दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी होते हे पाहुण्यांना सांगून ठेवा. एका काकांनी घाबरून डॉक्टर गाठला होता.)

सफरचंद सगळ्यात शेवटी, ताट मांडायच्या अर्धा तास आधी. ते काळं पडतं कारण चिरल्यावर त्यातल्या एका विकराला (एन्झाइमला) हवा मिळते. लिंबू चालतं, पण फोडींना आंबट चव राहते. मी लिटरभर पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून त्यात फोडी पाच मिनिटं ठेवते, मग साध्या पाण्यातून एकदा काढून कापडावर कोरड्या करते. खारट लागत नाही आणि दीड-दोन तास रंग टिकतो. नासपतीलाही हेच. पेरूला काही लागत नाही, फक्त ज्यांना बियांचा त्रास होतो अशा आजीआजोबांसाठी मधला भाग काढून टाका. केळं मी ठेवतच नाही. ठेवायचंच असेल तर वेलची केळी अख्खी, सालीसकट, ताटाच्या कडेला.

आता ते तळं. त्याची कारणं तीन. मीठ, साखर किंवा चाट मसाला फळावर पडला की तो आतलं पाणी बाहेर ओढतो, लोणच्याच्या फोडींना मीठ लावल्यावर होतं तसंच. म्हणून मसाला वाटीत, वेगळा. दुसरं, धुतलेली फोड न पुसता मांडणं. तिसरं कारण कुणाच्या ध्यानात येत नाही: भाद्रपदातली दमट हवा. फ्रीजमधून गार फोडी थेट ताटात मांडल्या की गार तांब्याला बाहेरून फुटतो तसा घाम त्यांना फुटतो. फोडी डब्यातून काढून सुती कापडावर पसरा, वरून दुसरं कापड, दहा मिनिटं थांबा, टिपा, आणि मग मांडा.

पितळी परातीचा मोह मला कळतो, फोटोत ती सोन्यासारखी दिसते. पण आतून कल्हई नसेल तर आंबट फळ कळकतं. परातीत केळीचं पान घाला आणि त्यावर फळं ठेवा. पान गॅसच्या आचेवरून झरकन फिरवलं की लवचीक होतं, चिरत नाही. मग पुसून घ्या. उकाडा असेल तर परातीत बर्फ, त्यावर उथळ स्टीलचं ताट, त्यात पान आणि फळं. बर्फाचा खडा फळांना लागायला नको. वितळला की तेही पाणीच.

मांडणीचं फार मनावर घेऊ नका. सफरचंदाचे हंस आणि कलिंगडाची टोपली करणाऱ्यांचा मला आदर आहे, पण तासभर हाताळलेलं फळ मला खावंसं वाटत नाही. माझी रीत साधी: आधी दोन गुलाबी वाट्या ठेवायच्या, थोड्या एका बाजूला, बरोबर मध्ये नको. मग पपईच्या चंद्रकोरी त्यांना वळसा घालून. पपईला अननस चिकटू द्यायचा नाही, केशरी आणि पिवळा जवळ आले की दोन्ही फिके दिसतात. मध्ये पेरूची हिरवी कड किंवा सफरचंदाची लाल कड येऊ द्या. ड्रॅगन फ्रूटचा काळ्या ठिपक्यांचा पांढरा गर अननसाच्या शेजारी उठून दिसतो. जागा थोडी मोकळी सोडा, पानाचा हिरवा दिसू द्या. फोड एका घासाची हवी, नऊवारी नेसलेल्या काकूंना दोन बोटांनी उचलता आली पाहिजे. टूथपिक खोचू नका, मुलं त्या तोंडात ठेवून पळतात. चार-पाच छोटे काटे शेजारी ठेवा.

ताट पंख्याखाली नको, फोडी सुकून कडा वळतात. जाळी मात्र हवीच, या दिवसांत चिलटं कुठून येतात देव जाणे.

काही माणसांची आठवण ठेवा. चांदणीसारख्या चकत्या पडतात म्हणून हल्ली ताटात कमरख (स्टार फ्रूट) घालायची टूम आहे, कोकणात त्याला करमळ म्हणतात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना ते फळ खरोखर घातक ठरू शकतं. पंचवीस माणसांत कुणाला काय आहे हे आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून मी ते ठेवतच नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खं द्राक्ष देऊ नका, उभं चार भाग करून द्या. घरात कुणी गरोदर असेल आणि मोठ्यांना पपई बघूनच धडकी भरत असेल, तर पिकलेल्या पपईवर भांडत बसू नका. त्या दिवशी खरबूज आणा, केशरी रंग तोही देतो. पण तो सालीसकट चोळून धुवा, त्याच्या खरखरीत सालीत घाण अडकते. मधुमेहाच्या आजोबांना पेरू आणि सफरचंद पुढे करा, अननस-पपई हात आखडून.

हेच ताट दुसऱ्या सणाला करायचं तर फळं बदलतात, रीत तीच. दिवाळीत नागपूरची संत्री सुरू होतात, सीताफळ अजून असतं. संक्रांतीला स्ट्रॉबेरी, बोरं आणि वर्षातला सगळ्यात चांगला पेरू. पावसाळ्यातला पेरू त्याच्यापुढे फिका. पाडव्याला द्राक्षं, आणि खिसा परवानगी देत असेल तर पहिला हापूस. परदेशातल्या मराठी घरांना मात्र भाद्रपद बरा: अमेरिकेत त्या दिवसांत पीच आणि प्लम भरात असतात, त्यांनी अननसाच्या मागे कशाला लागावं.

उरलेल्याचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचाराल. सफरचंद, पेरू आणि डाळिंब थंड कस्टर्डमध्ये जातात. कच्चा अननस आणि किवी दुधात किंवा दह्यात घालू नका, तासाभरात कडू होतं आणि मग दूध नासलं म्हणून दूधवाल्याला बोल बसतो. अननस साखरेत शिजवला की ती खोड जाते, त्याचा शिरा करा. पपई त्याच दिवशी संपवा. आणि डाळिंबाचे दाणे मूठभर मुद्दाम मागे ठेवा, डब्यात झाकून. दुसऱ्या दिवशी गौरी निघताना आमच्याकडे दहीभाताचा नैवेद्य असतो, त्यावर ते घालते मी.